नळी घातली, पण पोटात काय जातंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन (पक्षाघात म्हणजे आपला लकवा, डॉक्टरांचा स्ट्रोक) येतो आणि त्या आठवड्यात सगळ्याच पेपरांत तेच छापून येतं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली की लगेच दवाखाना गाठा, साडेचार तासांच्या आत मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन मिळालं पाहिजे वगैरे. छापायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या साडेचार तासांनंतर पेशंट जगतो की हो, आणि जगलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी खायला लागतं, दहाव्या दिवशीही लागतं, आणि तो काय खाणार, कसा खाणार, भरवणार कोण याबद्दल मात्र मी आजवर कुठल्या पेपरात चार ओळी वाचल्या नाहीत. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तर सुरुवातीचं कापा, मधलं कापू नका.

मी निवृत्त स्टाफ नर्स. सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे नोकरी झाली, आता घरी बसवत नाही म्हणून ओळखीतून बोलावणं आलं की नाकातून पोटात जाणारी खाण्याची नळी बदलायला, लघवीची पिशवी बदलायला, पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग करायला जाते. वडगाव, शहापूर, येळ्ळूर, उचगाव, कधी खानापूरच्या पलीकडे. लकव्याचा पेशंट म्हटलं की मी आधी फाईल बघत नाही, स्वयंपाकघरात जाऊन नळीत घालायचं पातेलं बघते, कारण माझ्या अनुभवात दहातल्या आठ घरी त्या पातेल्यात डाळीचं पाणी असतं, नुसतं पिवळं पाणी, डाळ खाली बसलेली, आणि ती डाळ घरातली बाकीची माणसं जेवतात. पेशंटला पाणी आणि धडधाकट माणसांना डाळ, हे कुठल्या हिशोबात बसतं मला कळत नाही.

आधी थोडं मागचं सांगते म्हणजे नळी का घालतात ते समजेल. लकवा हातापायालाच होतो असं आपल्याला वाटतं पण गिळणं हेसुद्धा मेंदूचंच काम आहे. घास जिभेने मागे ढकलायचा, त्याच क्षणाला श्वासनळीचं तोंड बंद व्हायचं, मग अन्ननळी उघडायची, हे सगळं सेकंदभरात होतं म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. स्ट्रोकमध्ये हा ताळमेळ बिघडतो, सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या पेशंटना गिळायचा त्रास असतो, आणि पाणी, चहा, थुंकीसुद्धा पोटाऐवजी फुफ्फुसात उतरते. आणि यातली खरी वाईट गोष्ट ही की ठसका लागेलच असं नाही. घशाची जाणीवच गेलेली असते, त्यामुळे पेशंट शांतपणे पाणी पितोय असं दिसतं, नातेवाईक खूश होतात, आणि दोन-तीन दिवसांनी ताप, धाप, छातीत घरघर, न्यूमोनिया. स्ट्रोक झाल्यानंतरच्या आठवड्यांत जे पेशंट जातात त्यातले बरेच या न्यूमोनियाने जातात.

म्हणून नियम साधा आहे, गिळणं तपासल्याशिवाय तोंडातून काहीही नाही. पाणी नाही, चहा नाही, गोळीसुद्धा नाही. तपासणी म्हणजे काही मोठं मशीन लागत नाही. पेशंट जागा पाहिजे, ताठ बसवलेला पाहिजे, आधी चमच्याने थोडंसं पाणी, मग दुसरा, तिसरा चमचा, मग कपातून थोडं. बघायचं काय तर ठसका येतो का, पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं का, आणि पाणी दिल्यावर आवाज ओला, गुळगुळल्यासारखा होतो का. यातलं काहीही दिसलं की थांबायचं. पण हे शिकलेल्या माणसानेच करायचं, घरच्यांनी घरी प्रयोग करून बघायचा नाही हेही सांगते, कारण हे वाचून कोणीतरी आजच चमचा घेऊन बसेल.

ऑस्ट्रेलियात यावर एक मोठा अभ्यास झाला, २०११ साली छापून आला, १९ स्ट्रोक युनिटांमधला, म्हणजे लकव्याच्या पेशंटच्या खास वॉर्डांमधला. त्यांनी काही नवं औषध काढलं नाही, नर्सेसना फक्त तीन गोष्टी काटेकोर करायला शिकवल्या, ताप बघणे, शुगर बघणे आणि गिळणं तपासणे. तीन महिन्यांनी हिशोब केला तर जिथे हे शिकवलं होतं तिथले ४२ टक्के पेशंट दगावलेले किंवा परावलंबी होते, आणि जिथे नेहमीसारखं चाललं होतं तिथले ५८ टक्के. सिस्टर लोकांच्या कामाला कोण विचारतो असं म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मी पाठ करून ठेवलाय. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात हे करायला काय अडचण आहे सांगा, चमचा आणि ग्लास तर तिथेही असतो.

पण आपल्याकडे होतं काय, माणूस पडला की पहिलं काम म्हणजे तोंडात पाणी. "पाणी तरी घाल की गं त्यांच्या तोंडात" असं म्हणणारी एक म्हातारी प्रत्येक घरात असतेच. कोणी साखर घालतं, कोणी चहा, कोणी लकव्याचं झाडपाल्याचं औषध आणलेलं असतं तो काढा वाटीभर ओततं, कोणी सौंदत्तीहून तीर्थ आणतं. श्रद्धेच्या आड मी येत नाही, मीसुद्धा यल्लम्माला जाते, पण तीर्थ कपाळाला लावा, डोळ्याला लावा, पेशंटच्या घशात नको. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाईकांना मी हे नोकरीत असताना सांगायची तेव्हा लोकांना राग यायचा, आता घरी येऊन सांगते तर ऐकतात, कदाचित केस पांढरे झाले म्हणून असेल.

आता नळी. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं म्हटलं की घरात रडारड सुरू. आपल्याकडे पक्की समजूत आहे की नळी लागली म्हणजे माणूस संपला, आता काय चार दिवसांचा सोबती. त्यामुळे सहीच करत नाहीत, आज बघू, उद्या बघू, मुंबईचा मुलगा येऊ दे, आणि तोवर पेशंट सलाईनवर. सलाईन म्हणजे मीठ-पाणी किंवा साखर-पाणी, एक लिटर पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २०० च्या आसपास कॅलरी असतात, प्रोटीन शून्य. चार-पाच दिवस असे गेले की माणूस उपाशी असतो, नुसती बाटली लटकलेली दिसते म्हणून आपल्याला उपाशी वाटत नाही.

खरं तर बहुतेक पेशंटची नळी तात्पुरती असते. गिळणं बऱ्याच जणांचं एक-दोन आठवड्यांत सुधारायला लागतं. आणि नळी लवकर घातल्याने काय होतं हे बघायला ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने बऱ्याच देशांत मिळून एक ट्रायल झाली, एडिनबराचे प्रोफेसर मार्टिन डेनिस त्याचे प्रमुख, २००५ साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आली. गिळता न येणारे ८५९ पेशंट, निम्म्यांना लगेच नळीने खाणं सुरू केलं आणि निम्म्यांना निदान आठवडाभर थांबवलं. लवकर सुरू केलेल्यांत मृत्यू शंभरात जवळपास सहाने कमी दिसले. आकडा अगदी शिक्कामोर्तब म्हणावा इतका पक्का नव्हता, योगायोगाची थोडी शक्यता राहते, पण कल तिकडेच. मात्र दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही, ती मीही लपवत नाही, की त्यामुळे जास्त वाचले त्यातले बरेच जण पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून राहिले. म्हणजे नळीने जीव वाचायला मदत होते, हात चालायला लागेल याची गॅरंटी नाही. डॉक्टरांनी हे सरळ शब्दांत घरच्यांना सांगावं, लोक समजून घेतात हो, लपवलं की मात्र नंतर भांडणं होतात. ऐंशी-नव्वदीचा आधीच अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर नळी घालायचीच का हाही प्रश्न विचारायला हवा आणि त्याचं उत्तर घराघरात वेगळं असू शकतं.

त्याच ट्रायलमध्ये ३२१ पेशंटवर दुसरी गोष्ट बघितली, सुरुवातीलाच पोटाला भोक पाडून पेग ट्यूब घालावी की नाकातली नळी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाकातलीच बरी असं त्यातून निघालं, पेगवाल्यांची अवस्था नंतर जरा वाईटच होती. म्हणून उगाच घाईने पेग करून घेऊ नये. पण महिना उलटला, गिळणं येत नाही, नाकाला जखम झाली, पेशंट नळी सारखी ओढून काढतोय, अशा वेळी पेगला नाही म्हणणंही चूकच. पेग ही १९८० च्या सुमारास अमेरिकेत पुढे आलेली पद्धत, मुळात लहान मुलांसाठी काढलेली, दुर्बिणीने करतात, पोट फाडत नाहीत. "पोटाला भोक नको" म्हणून सहा-सहा महिने नाकात नळी ठेवलेले पेशंट मी बघितलेत, नाकपुडीची कड झिजून गेलेली. आणि नाकातली जी नळी आपल्याकडे राईल्स ट्यूब म्हणून मेडिकलमध्ये मिळते ती जॉन राईल नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १९२१ मध्ये सांगितली ती पोटातला रस काढून तपासायला. साधी पीव्हीसीची नळी काही दिवसांत कडक होते म्हणून साधारण आठवडा-दहा दिवसांनी बदलावी लागते, सिलिकॉनची किंवा पॉलियुरेथेनची मऊ बारीक नळी चार-सहा आठवडे चालते. महाग आहे, पण बदलायच्या फेऱ्यांचा आणि पेशंटच्या हालांचा हिशोब घातला तर फार महाग नाही.

आता पातेल्याकडे येते, कारण मला मुळात हेच लिहायचं होतं.

साठ किलोच्या माणसाला अशा वेळी किलोमागे २५ ते ३० कॅलरी लागतात, म्हणजे दिवसाला १५०० ते १८००. प्रोटीन किलोमागे एक ग्रॅम तरी, शक्यतो थोडं जास्तच, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. आता घरोघरी काय चालतं बघा. सकाळी चहा, मग डाळीचं पाणी, अकराला शहाळं, दुपारी पातळ पेज, चारला मोसंबीचा ज्यूस, रात्री परत डाळीचं पाणी, झोपताना पाणी घातलेलं दूध. दिसायला सात वेळा दिलं, चार्टवर सात बरोबरच्या खुणा. माझ्या हिशोबाने हे सगळं धरून चार-पाचशे कॅलरी आणि दहा-पंधरा ग्रॅम प्रोटीन. एवढ्यावर माणूस वाळतो, मांड्या बारीक होतात, पाठीला जखम होते आणि ती भरत नाही, फिजिओथेरपिस्ट येऊन सांगतो पेशंट साथ देत नाही. साथ कुठून देणार, अंगात काय शिल्लक आहे? मग घरचे म्हणतात लकवा वाढला. लकवा नाही वाढला, उपासमार वाढली.

शहाळं घेऊन येणाऱ्या पाहुण्यांबद्दल तर काय बोलायचं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून येणारा प्रत्येक जण दोन शहाळी ठेवून जातो आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पेशंटच्या नळीत जातात. शहाळ्यात कॅलरी नावालाच, पोटॅशियम मात्र भरपूर, किडनी बिघडलेल्या पेशंटला ते त्रासाचंच. पाहुण्यांनो, दुधाची पिशवी आणा, अंडी आणा, किंवा तासभर पेशंटजवळ बसा म्हणजे घरची बाई आंघोळ तरी करेल.

मग घालायचं काय? कंपनीची पावडर परवडत असेल तर उत्तम, पण डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला, डबा महिनाभर पुरवायचा म्हणून एका ग्लासाला एक चमचा घालणारी घरं मी बघितलीत, त्यापेक्षा डबा न आणलेला बरा. नाही परवडत तर घरचं. एक लिटर गायीचं दूध, शंभर ग्रॅम नाचणीचं सत्व, पन्नास ग्रॅम मुगाची डाळ मऊ शिजवून डाळीसकट, दोन अंडी पूर्ण उकडून, दोन मोठे चमचे तेल, थोडी साखर, चिमूटभर मीठ. हे सगळं दिवसभरात वाटून, बारीक करून, गाळून. याच्या सोळाशेच्या आसपास कॅलरी होतात आणि साठच्या आसपास प्रोटीन, म्हणजे गणित जवळपास जुळतं. दर अडीच-तीन तासांनी दोनशे-सव्वादोनशे मिली. नाचणी मोड आणून वाळवून दळलेली घ्या, मोडाची नाचणी शिजवल्यावर तितकी घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ बसतं आणि नळी तुंबत नाही. आपल्याकडे आंबील पिढ्यानपिढ्या करतात, हे कोणाला शिकवायची गरज नाही, फक्त मोडाची आणि कापडातून गाळलेली एवढंच. शाकाहारी घरात अंड्यावरून अडतं, काही घरांत एरवी चालतं पण सोमवारी, एकादशीला, श्रावणात नाही. मी वाद घालत नाही, त्याऐवजी मिल्क पावडर दुधातच मिसळा, भाजलेल्या डाळ्याचं पीठ बारीक चाळून घाला, सोयाचं पीठ शिजवून घाला. पण पेशंटला उपास नको. स्वतः बोलू न शकणाऱ्या माणसाच्या नावाने आपण उपास धरायचा हे देवालाही पटणार नाही.

शुगरवाल्या पेशंटला साखर आणि ज्यूस नको, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इन्सुलिन दिलं आणि नळीतलं खाणं चुकलं तर शुगर एकदम खाली येते, झोपलाय असं वाटतं आणि पेशंट बेशुद्ध असतो. नळी निघाली असेल तर इन्सुलिन द्यायच्या आधी डॉक्टरला फोन करा. किडनीवाल्यांचं प्रोटीनचं माप वेगळं, तेही विचारूनच. आणि जो पेशंट आठवडाभर जवळजवळ उपाशी राहिलाय त्याला पहिल्याच दिवशी हे सगळं पूर्ण मापाने ओतायचं नाही, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम खाली जातं आणि हृदयावर येतं, थोड्यापासून सुरू करून काही दिवसांत वाढवायचं, बी-वन व्हिटॅमिन आधी द्यायचं, हे डॉक्टरच्या देखरेखीखालचं काम. घरच्या खाण्यात काही जीवनसत्त्वं कमी पडतात त्याचं सिरप लिहून घ्या. एवढं केलं की झालं, आहारतज्ज्ञ भेटली तर तिच्याकडून हा हिशोब तपासून घ्या, माझं माप साठ किलोच्या, शुगर-किडनी ठीक असलेल्या माणसाचं आहे.

एप्रिल-मेमध्ये सकाळी केलेलं पातेलं ओट्यावर झाकून दिवसभर वापरतात, मग जुलाब, मग "नळीचं त्याला सोसत नाही" म्हणून खाणं बंद. दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, फ्रिज नसेल तर थोडं थोडं करा.

घालायच्या पद्धतीवर थोडंच लिहिते. पेशंटला आडवं ठेवून कधीही नाही. पाठ तीस ते पंचेचाळीस अंश वर, उशा नाही तर पलंगाच्या डोक्याकडे विटा लावा, आणि घालून झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा. नळीला नाकाशी पेनाने खूण करा, खूण बाहेर आलेली दिसली की घालायचं नाही. नळीतून हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने बुडबुड ऐकायची पद्धत आमच्या वेळी शिकवायचे, अजूनही चालते, पण ती भरवशाची नाही, फुफ्फुसात गेलेल्या नळीतूनही तसाच आवाज येऊ शकतो. नळी घातल्यावर एक्स-रे काढणं सगळ्यात खात्रीचं, घरी असाल तर नळीतून थोडा रस ओढून पीएच पट्टीवर, म्हणजे आंबटपणा दाखवणाऱ्या कागदावर बघतात, साडेपाच किंवा त्याखाली आला तर पोटात आहे असं धरतात. पट्ट्या मागवल्या तर मिळतात, ठेवणारे फार नाहीत. घालताना खोकला सुरू झाला, चेहरा निळसर दिसला, श्वास वाढला की थांबा. सिरिंजचा दट्ट्या दाबून जोरात ढकलू नका, दट्ट्या काढून सिरिंज वर धरा, आपोआप उतरू दे. आधी आणि नंतर तीस मिली पाणी. गोळ्या एकेक वेगळी कुटून वेगळी द्या, आणि कुठली गोळी कुटायची नाही हे विचारा, कारण आतड्यात विरघळणाऱ्या आणि दिवसभर हळूहळू काम करणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळा डोस एकदम जातो किंवा वायाच जातो. फिट्सचं फेनिटॉईन चालू असेल तर नळीतल्या खाण्याने त्याचा असर कमी होतो, डॉक्टरला आठवण करा.

आणि तोंड! नळी आहे, तोंडाने काही खात नाही, मग दात कशाला घासायचे असं घरच्यांना वाटतं. जिभेवर थर, दातांवर पिवळं, आणि हीच घाण थुंकीबरोबर फुफ्फुसात उतरते. नळी घातली म्हणून न्यूमोनियापासून सुटका झाली असं नसतं. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ ब्रशने किंवा कापडाने तोंड साफ करा, कवळी काढून धुवा. यात पैसे लागत नाहीत म्हणूनच बहुतेक कोणी महत्त्व देत नाही.

नळी कधी काढायची हे तर कोणी बघतच नाही. डिस्चार्ज देताना नळी असते, कागदावर 'राईल्स ट्यूब फीड चालू ठेवा' एवढी एक ओळ, पुढच्या तारखेला डॉक्टर हात-पाय बघतात, बीपी बघतात, गिळणं परत तपासायचं राहूनच जातं, आणि गिळता येत असतानाही माणूस नळीवर राहतो. उलटंही होतं, घरचे आपल्याच मनाने तोंडातून सुरू करतात आणि सुरू करतात ते पाण्याने, कारण पाणी सोपं वाटतं. पाणीच सगळ्यात अवघड असतं, ते जिभेवर थांबत नाही, घशाची तयारी व्हायच्या आत खाली पळतं. दाटसर आंबील, घट्ट दही, मऊ कालवलेला भात हे बऱ्याच जणांना आधी जमतं. कुठल्या दाटपणापासून सुरू करायचं, मान खाली झुकवून गिळायचं की नाही हे स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणं-गिळणं परत शिकवणारा माणूस सांगतो. मोठ्या दवाखान्यांत ते असतात, पण कणकुंबीच्या, जांबोटीच्या बाजूच्या गावातून पेशंटला गाडी करून तेवढ्यासाठी आणणार कोण?

माझं मागणं फार नाही. कर्नाटक सरकारने बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूच्या दवाखान्याला बरोबर घेऊन मेंदूच्या आरोग्याचा कार्यक्रम सुरू केलाय, जिल्हा दवाखान्यांत त्यासाठी क्लिनिक ठरलीत, त्यात गिळण्याची तपासणी आणि नळीवाल्या पेशंटचं खाणं हे दोन विषय घाला, तालुक्याच्या नर्सेसना आणि आशा ताईंना दोन दिवसांचं ट्रेनिंग द्या. निपाणी-चिक्कोडीकडचे पेशंट कोल्हापूर-मिरजेला जातात, खानापूरकडचे काही गोव्याला, बाकीचे बेळगाव-हुबळीला, आणि प्रत्येक ठिकाणचा डिस्चार्जचा कागद वेगळ्या तऱ्हेचा, एकावरही किती मिली, किती वेळा आणि त्यात काय हे धड लिहिलेलं नसतं. योजना कर्नाटकाची चालणार का महाराष्ट्राची हा सीमाभागातल्या ८६५ गावांचा वाद होईल तेव्हा होईल, पण एक पानभर सूचना मराठी आणि कन्नड दोन्हीत छापून देणं याला कुठल्याच कोर्टाचा निकाल लागत नाही. आणि ते पान बिल भरणाऱ्या मुलाच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. नळीत घालणारी असते ती सून, नाहीतर बायको, ती तेव्हा घरी स्वयंपाक करत असते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तिला बोलवा, तिच्या हाताने एकदा सगळं करून घ्या आणि मगच पेशंट घरी सोडा. अर्ध्या तासाचं काम आहे. वॉर्डात सिस्टर कमी आहेत हे मला माहीत आहे, मी त्यातूनच आलेय, तरीही सांगते.

आणि संपादकसाहेब, तुमच्याकडेही एक मागणं आहे. ते पान सरकारकडून येईल तेव्हा येईल, तोवर तुम्हीच एक चौकट छापा, त्यात तास, माप आणि तोंड साफ केल्याचे रकाने ठेवा म्हणजे कापून पलंगाजवळच्या भिंतीला चिकटवता येईल. फक्त पुरवणीच्या गुळगुळीत पानावर नको, त्यावर बॉलपेन उठत नाही.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स,
वडगाव, बेळगाव